न जोडलेली गाडी

लिफ्टमध्ये त्याने पाचचं बटण दाबायला बोट पुढे केलं आणि चारचा दिवा लागला. एवढंच झालं. मग त्याने पाचही दाबलं, ते बरोबर लागलं, आणि लिफ्ट नियमाप्रमाणे चारवर थांबली. दार उघडलं. समोर रिकामा कॉरिडॉर, एक कुंडी, आणि आग लागल्यास काय करावे हे सांगणारं भिंतीवरचं चित्र. लिफ्टमधल्या सगळ्यांनी एकदा कॉरिडॉरकडे आणि एकदा एकमेकांकडे पाहिलं. चारवर कोणालाच उतरायचं नव्हतं. दार जेवढं उघडं राहायचं तेवढं राहिलं, आणि तेवढा वेळ तो कुंडीकडे अशा गांभीर्याने बघत उभा राहिला की जणू तिची पाहणी करायलाच लिफ्ट थांबवली होती. दार मिटलं. जाहिरात विभागातली एक बाई मोबाइलमध्ये बघून हसली. ती मोबाइललाच हसली असावी. असावी, असं त्याने स्वतःला दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्याच्या लक्षात आलं की आपला उजवा हात आपण खिशात घातला आहे, चोरून आणलेली वस्तू लपवावी तसा.

चुकीचं बटण कोणीही दाबतं. त्याचे साहेब तर लिफ्टमध्ये शिरून कुठलंच बटण न दाबता उभे राहतात आणि लिफ्ट हलत नाही म्हणून देखभालवाल्याला फोन लावतात. प्रश्न तो नव्हता. प्रश्न असा होता की त्याने बोट जाताना पाहिलं होतं. बोट नीट पाचकडे चाललं होतं आणि अगदी टेकायच्या वेळी त्याने, म्हणजे बोटाने, मला काय त्याचं अशा थाटात किंचित अंग झटकलं. त्याने बोटाला तसं काहीही सांगितलेलं नव्हतं. आणि हेच बोट, अंगठ्याशी संगनमत करून, परवा घरी टेबलावर एक क्लिप उडवून मोकळं झालं होतं. क्लिप म्हणजे नखाच्या कापलेल्या तुकड्याएवढी पोलादी चकती. दांड्याच्या खाचेत ती बसवली की खेळण्यातल्या गाडीचं चाक दांड्यावरून निसटत नाही. (घरात खेळणं हा शब्द वापरायला बंदी होती. तो स्वतः मनातल्या मनात वापरायचा, दुसऱ्या कोणी वापरायच्या आत.) बसवताना क्लिप उडते. सगळ्यांचीच उडते. म्हणून परवा तो काही घाबरला नव्हता. पण परवाची क्लिप आणि आजचं बटण यांच्यामध्ये आता एक रेघ ओढली गेली होती, आणि दोन बिंदूंतून रेघ गेली की ती पुढे कुठेतरी जातेच.

पाचव्या मजल्यावर औषधांच्या खोक्यांत घडी घालून घातलेली पातळ पत्रकं तपासायचा विभाग होता आणि तो त्या विभागाचा प्रमुख होता. विभागात तो आणि आणखी एक बाई, ज्या निवृत्तीला आल्या होत्या आणि स्वल्पविरामांच्या बाबतीत कोणाचं ऐकत नसत. ही पत्रकं कोणी वाचत नाही हे दोघांनाही माहीत होतं. त्यामुळेच ती बिनचूक असायला हवीत असं त्यांना वाटे, कारण चूक राहिलीच तर ती वाचणाऱ्या एकमेव माणसाला सापडणार, आणि तो माणूस वकील असणार. फार वर्षांपूर्वी त्याने एका पत्रकाची अख्खी छपाई थांबवली होती, कारण 'क्वचित'च्या जागी कोणीतरी 'कधीकधी' टाकलं होतं. क्वचित म्हणजे हजारांत एखादा, तोही लागला तर. कधीकधी म्हणजे काय ते देव जाणे. तेव्हापासून कँटीनमध्ये त्याला क्वचित म्हणू लागले, आणि पुढे हे नाव कार्यालयाबाहेरही पोहोचलं. आज त्याच्यासमोर जे पत्रक होतं त्यात दुष्परिणामांच्या तिसऱ्या ओळीत 'हातांना सूक्ष्म कंप (क्वचित)' असं होतं. ही ओळ त्याने आयुष्यात इतक्यांदा वाचली होती की ती त्याला स्वतःच्या सहीसारखी झाली होती, दिसायची पण वाचली जायची नाही. आज ती वाचली गेली. त्याने पेन्सिल उचलून ओळीखाली धरली. टोक कागदापासून केसभर वर होतं आणि कागदावर त्याची बारीक सावली पडली होती. सावली हलत होती. बाईंनी चष्म्यावरून विचारलं, काही चुकलंय का त्यात. तो म्हणाला, नाही, सगळं बरोबर आहे.

माणूस घाबरला की डॉक्टरकडे जातो असा एक समज आहे. त्याच्यासारखी माणसं आधी दुकानात जातात. गाडी नीट वळत नसेल तर एकेक भाग बदलत जायचं, कुठल्या भागाने फरक पडतो ते बघायचं, ही छोट्या गाड्या जोडायच्या त्याच्या छंदातली सरळ पद्धत, आणि इतक्या वर्षांनी त्याला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने विचारच करता येत नव्हता. त्याने आधी चिमटा बदलला. नवा चिमटा घड्याळजी वापरतात तसला, टोकाला वाकलेला. मग टेबलावरचा दिवा बदलला, कारण कदाचित हात हलत नसून उजेड हलत असेल. मग चष्म्याचा नंबर तपासून घेतला. नंबर तोच होता. खुर्ची उंच केली, मग पुन्हा खाली केली. चहा सोडला. बायकोने विचारलं तेव्हा पित्ताचं कारण सांगितलं, आणि मग पित्तावरचे तिचे उपाय बरेच दिवस निमूटपणे गिळले. प्रत्येक बदलानंतर तो एका जुन्या, स्वस्तातल्या गाडीचे स्क्रू काढून पुन्हा बसवून बघायचा आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदा वाटायचं की फरक पडला. मग क्लिपची वेळ यायची. हात सोडून बाकी सगळं त्याने बदलून पाहिलं.

गाड्या होत्या दोन वीत लांबीच्या, खऱ्या गाडीच्या एक दशांश, रेडिओवर चालणाऱ्या, सपाट रस्त्यावरच्या शर्यतीसाठी केलेल्या. त्या तयार येत नाहीत. खोक्यात पाकिटं येतात, पाकिटांत पट्ट्या, दांडे, दातेरी चाकं, बेअरिंगं, आणि वर पातळ पारदर्शक प्लास्टिकचं कवच, ज्याला रंग आतून द्यायचा असतो, उलट्या क्रमाने: बाहेरून जे सगळ्यात वर दिसायला हवं ते सगळ्यात आधी. हे त्याला फार आवडायचं. जगात एवढी एकच गोष्ट होती जिच्यात शेवट आधी ठरवून मग मागे मागे यायचं होतं. सुरुवातीला तो गाड्या जोडायचा आणि चालवायचाही. मग चालवणं सुटलं, कारण चालवली की आपटते. मग हळूहळू जोडणंही सुटत गेलं, कारण जोडलेली गाडी ही एक वापरलेली वस्तू असते, आणि न उघडलेल्या पाकिटातली गाडी म्हणजे सगळ्या शक्यता. जोडलेल्या गाडीला गिऱ्हाईक मिळतं, न जोडलेल्या गाडीला भक्त मिळतात. कपाटात, पलंगाखाली आणि माळ्यावर बंद खोकी साचली. त्याची बायको बँकेत लॉकरच्या विभागात होती. तळघरात बसून लोकांना त्यांच्या किल्ल्या द्यायच्या आणि ते आपापल्या डब्यात डोकावून परत जाईपर्यंत भिंतीकडे बघायचं असं तिचं काम. ती म्हणायची की दिवसभर जे बघते तेच घरी येऊन बघायला लागतं, फक्त इथे पगार मिळत नाही. मुलगी शिकायला परगावी गेली तेव्हा तिच्या खोलीचं काय करायचं यावर दोघांनी बराच विचार केला असा बायकोचा समज होता. तिची गाडी फलाट सोडायच्या आत तो त्या खोलीच्या भिंती मनात मोजून झाला होता.

त्या सगळ्या गाड्यांत एक होती जिला बायको राणीसाहेब म्हणायची. तीन माणसांनी एका लहानशा कारखान्यात, दिवसा दुसऱ्यांचे सुटे भाग बनवून उरलेल्या वेळात, एकदाच काढलेली गाडी. मग तिघांचं भांडण झालं असं कोणी म्हणतं, एक वारला असं कोणी म्हणतं. खोक्यावर चित्रसुद्धा नव्हतं, कारण चित्र छापायची त्यांची ऐपत नव्हती. नुसता तपकिरी पुठ्ठा आणि कोपऱ्यात रबरी शिक्का. ती मिळवायला त्याने एका परक्या देशातल्या म्हाताऱ्याशी इतकी वर्षं पत्रव्यवहार केला होता की शेवटी त्या म्हाताऱ्याच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची काळजी त्याला स्वतःच्या भावासारखी लागून राहिली. खोकं आलं तेव्हा त्याने ते उघडून आतली पाकिटं फक्त बघितली. काळ्या, विणलेल्या कापडासारख्या दिसणाऱ्या कार्बनच्या दोन पट्ट्या. दोन रबरी पट्टे. पाकिटांच्या तोंडाला यंत्राने दाबलेली शिवण, थोडी वाकडी, कारण यंत्र चालवणाराही त्या तिघांपैकीच एक असणार. ही गाडी आपण निवृत्त झाल्यावर जोडायची असं त्याने ठरवलं. स्वतःच्या हाताने, घाई न करता, सगळी दुपार आपली असताना. हे त्याने ठरवल्यापासून निवृत्ती ही त्याला एक ठिकाण वाटू लागली होती, टेबल, खिडकी आणि उजेड असलेलं. कामावरचे वाईट दिवस त्या टेबलाच्या आशेवर निघून जायचे. आणि आता असं दिसत होतं की टेबल असेल, खिडकी असेल, राणीसाहेब असतील, आणि तिथे बसलेल्या माणसाला एक क्लिप बसवता येणार नाही.

त्याच्या ओळखीत डॉक्टर एकच होता आणि तो गुरांचा होता. रविवारी सकाळी एका बंद पडलेल्या गोदामाच्या आवारात त्यांची चारपाच माणसं जमत, खडूने वळणं आखत आणि गाड्या पळवत. गुरांचा डॉक्टर हा त्याच्या अगदी उलट माणूस; मिळेल ती दुर्मीळ गाडी घ्यायची, दुपारपर्यंत जोडायची आणि संध्याकाळपर्यंत भिंतीवर घालायची. त्या रविवारी तो पायरीवर बसून गाडीच्या पुढच्या चाकाचा मोडलेला दांडा काढत होता. क्वचितने शेजारी बसून, रबराचा जळका वास घेत, सहज विचारावं तसं विचारलं की शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा एक पाय थरथरतो, ते कशामुळे असेल. गुरांच्या डॉक्टरने विचारलं की बसल्यावर थरथरतो का चालताना. क्वचितला काय सांगावं ते कळेना, कारण कुत्रा पत्रकं वाचतो की नाही हे त्याने ठरवलेलं नव्हतं. काम करताना, तो म्हणाला. काम करताना म्हणजे काय, गुरांचा डॉक्टर म्हणाला, नोकरीला आहे का तो. मग त्याने मान वर करून क्वचितकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पुन्हा स्क्रूकडे बघत, विषय बदलावा तसं म्हणाला:

"तुझी ती बिनचित्राची गाडी जोड बाबा एकदाची. नाहीतर काय होणार माहीत आहे का? तू गेल्यावर वहिनी मला फोन करणार, घेऊन जा म्हणणार, आणि मी पहिल्याच दिवशी ती त्या भिंतीवर घालणार. तुझ्या आत्म्याला शांती."

सगळे हसले. तोही हसला. घरी परत येताना त्याला वाटलं की याला कळलं. मग वाटलं, नाही, हा नेहमीच असं बोलतो. मग वाटलं की नेहमी बोलतो म्हणजे नेहमीच कळत होतं की काय.

ताईला त्याने मुद्दाम दुपारी फोन केला, ती मोकळी असते म्हणून. ताई त्याच्याहून पुष्कळ मोठी, आणि वडिलांचं शेवटचं सगळं तिनेच केलं होतं. तिच्याशी बोलताना कुठल्याही विषयावर यायला आधी तिच्या जावयाच्या मूर्खपणाचा एक पूर्ण फेरा घ्यावा लागतो. तो फेरा झाल्यावर त्याने विचारलं की बाबांचा हात हलायला कधीपासून लागला होता. वडील केस कापायचे. दोन खुर्च्यांचं दुकान, समोर लांब आरसा, आरशाच्या कडेला पारा उडून काळे ढग आलेले. त्याला वडिलांचा हात आठवत होता तो हलणाराच, पण किती, कधी, ते मात्र काही केल्या डोळ्यांपुढे येत नव्हतं. ताई म्हणाली, तू कॉलेजात होतास, तुला काय आठवणार. हलायला लागला तेव्हा त्यांनी आधी वस्तरा बदलला. मग म्हणाले चामड्याचा पट्टा खराब झालाय, त्यावर धार लागत नाही, तो बदलला. मग दिवा. मग खुर्चीच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले, उंची जमत नाही म्हणून. गिऱ्हाईकं सभ्य होती रे, ताई म्हणाली, एकाने तोंडातून शब्द काढला नाही, फक्त त्या वर्षी एकेकाने दाढी वाढवायला सुरुवात केली. मला वाटायचं फॅशन आली.

त्याने फोन ठेवला. वाकडा चिमटा टेबलावर पडला होता, दिव्याखाली चकचकत. वडिलांनी वस्तरा बदलला. त्याला आता एकदम आठवला तो वडिलांच्या शेजारचा शिंपी, जो शेवटपर्यंत दाढी करायला येत राहिला. खुर्चीत बसायचा, मान मागे टाकायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. त्याला तेव्हा वाटायचं की शिंप्याला झोप येते. सुट्टीत घरी आला असताना तो बाकावर बसून पेपर वाचायचा आणि त्याला कधी पेपरमधून मान वर काढून बघावंसं वाटलं नाही. आता त्या आरशात तो मागे मागे जाऊन वडिलांचा चेहरा शोधू लागला, पण आरशात फक्त कडेचे काळे ढग आणि फेसाखाली शिंप्याचा मिटलेला चेहरा, आणि फेसाजवळ येऊन थांबलेली एक चकचकीत रेघ. ती टेकत नव्हती. टेकायच्या वेळी अंग झटकत होती. वडील कसे दिसत होते तेव्हा? घाबरलेले, की नवा चिमटा घेतल्यावर त्याला जसं वाटलं तसं, की आता फरक पडेल?

मग मात्र तो माणसांच्या डॉक्टरकडे गेला. घरी सांगितलं नाही. कारण एकदा सांगितलं की ते खरं ठरतं, असं त्याचं म्हणणं. म्हणणं अर्थात कोणापुढे मांडलं नाही. डॉक्टर तरुण होते आणि खोलीत एकही पुस्तक नव्हतं. त्यांनी त्याला हात पुढे धरायला सांगितलं, नाकाला बोट लावायला सांगितलं, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला सांगितलं. ते थोडं सांडलं. मग कागदावर आतून बाहेर गोल गोल जाणारी रेघ काढायला सांगितली. त्याची रेघ आतून बाहेर गेली, पण वाटेत प्रत्येक वळणावर तिला काहीतरी सांगायचं होतं. डॉक्टरांनी वडिलांबद्दल विचारलं, मान हलवली आणि म्हणाले की घाबरायचं काही कारण नाही, हा तो मोठा आजार नाही, हा सौम्य प्रकार आहे, घराण्यात असतो.

"जिवाला काहीच नाही," डॉक्टर म्हणाले. "बारीक कामं थोडी जड जातील, हळूहळू. तुम्ही काय करता?"

"वाचतो."

"मग तर प्रश्नच नाही."

त्यांनी एक गोळी लिहून दिली, जिने थोडा आराम पडतो, पूर्ण नाही. त्या गोळीचं पत्रक त्याने स्वतः तपासलं होतं. थकवा, हातपाय गार पडणे, विचित्र स्वप्ने. दवाखान्यातून बाहेर पडताना त्याला सुटका वाटायला हवी होती आणि ती वाटतही होती, पण तिच्या खालून दुसरंच काही वर येत होतं. सौम्य हा शब्द त्याच्या धंद्यातला. सौम्य म्हणजे रोग्याने तक्रार केली तरी औषध थांबवायचं नाही. त्याला मरायचं नव्हतं, हे ठीकच. पण मोठा आजार असता तर निदान रडता आलं असतं, चार लोक भेटायला आले असते. आता लोकांना काय सांगायचं? की मी धडधाकट आहे, जेवतो, झोपतो, कामाला जातो, फक्त एक खेळणं जोडता येणार नाही?

शनिवारी बायकोची बँक दुपारपर्यंतच असते. ती गेल्यावर त्याने मुलीच्या खोलीतलं टेबल पुसलं, त्यावर पांढरं कापड अंथरलं, कापडावर कडा असलेलं स्टीलचं ताट ठेवलं, म्हणजे काही पडलं तर घरंगळून जाणार नाही. मग राणीसाहेबांचं खोकं काढलं. हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे आज कालच्यापेक्षा वाईट आणि उद्यापेक्षा बरा. मग निवृत्तीची वाट बघत बसायचं ते कशाला, असा साधा हिशेब होता आणि तो त्याने दवाखान्यापासून घरापर्यंत तपासून पाहिला होता, त्यात चूक सापडली नव्हती. तरी कात्री पाकिटाच्या तोंडाशी नेल्यावर तो थांबला. ती वाकडी शिवण. ती पुन्हा कोणाला घालता येणार नव्हती. त्याने कापलं. आतून कारखान्याची, तेलाची, फार वर्षं कोंडलेली हवा आली आणि लगेच खोलीच्या हवेत नाहीशी झाली. मग दुसरं पाकीट त्याने पहिल्याइतका विचार न करता कापलं, आणि तिसरं तर दाताने फाडलं. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. मोठे स्क्रू सरळ गेले. काळ्या पट्ट्या एकमेकींवर बसल्या, दांडे उभे राहिले, आणि टेबलावर गाडीचा एक चपटा सांगाडा दिसू लागला, इतका सुबक की त्या तीन माणसांना बोलावून घ्यावं आणि दाखवावं असं त्याला वाटलं. हात ठीक होता. काही वेळ त्याला असंही वाटून गेलं की डॉक्टरांचं चुकलं असावं.

मग छर्रे आले. मागच्या दोन्ही चाकांना वळणावर आपापल्या वेगाने फिरू देणारा जो भाग असतो त्याच्या दातेरी चाकाला गोल ओळीत भोकं होती आणि प्रत्येक भोकात मोहरीपेक्षा जरासा मोठा पोलादी छर्रा ठेवायचा होता. आधी चिकट ग्रीस, मग छर्रा, मग पुढचा. पहिला छर्रा चिमट्यात धरून त्याने चाकावर नेला आणि टेकायच्या वेळी हाताने अंग झटकलं. छर्रा ताटात पडला, कडेपर्यंत जाऊन परत आला. दुसऱ्यांदा तो शेजारच्या भोकात बसला, तेही चाललं असतं, पण तिसऱ्यांदा चिमट्याचा धक्का लागून बसलेला उडाला. त्याने कोपर टेबलावर दाबून धरलं. मग मनगट डाव्या हाताने धरलं. तेव्हा डावा हातही उजव्याला सामील झाला. श्वास रोखला. श्वास रोखल्याने जास्त हलतो हे त्याला कळलं, आणि कळल्यावर आणखी हलला. छर्रे ताटात फिरत होते, बारीक किणकिण करत. त्यात जादाचे छर्रे दिलेले नव्हते. त्या तिघांना जादा द्यायची ऐपत नव्हती. ताटात किती आहेत ते त्याने मोजायला घेतलं आणि दर वेळी वेगळं उत्तर आलं, कारण ते स्थिर राहत नव्हते, कारण टेबल हलत होतं, कारण टेबलावर त्याचे हात होते. कापलेली पाकिटं बाजूला पडली होती. उघडलंही आणि जोडताही येत नाही, म्हणजे आता ही गाडी भक्तांचीही राहिली नाही आणि त्याचीही झाली नाही.

दार उघडल्याचा आवाज त्याला आला नव्हता. बायको खोलीच्या उंबऱ्यात उभी होती, पायात चपला तशाच, खांद्यावर पर्स. त्याला पहिल्यांदा वाटलं की ती पांढऱ्या कापडाला लागलेल्या ग्रीसकडे बघते आहे. पण ती पाकिटांकडे बघत होती. तिच्या बँकेत कोणी येऊन डब्यात डोकावून गेलं तर ती मान वर करत नाही. पण कोणी एखाद्या दिवशी येऊन सगळाच्या सगळा डबा रिकामा करून नेला, तर ती काही न विचारता त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवते. इतक्या वर्षांत तिला ते कळायला लागलं होतं. ती आत आली. पर्स खाली जमिनीवर ठेवली. मग अगदी हलक्या आवाजात, एखाद्या अनोळखी माणसाशी बोलावं तसं म्हणाली:

"किती दिवस सांगितलेत?"

"कोणी?"

"डॉक्टरांनी. तू राणीसाहेबांना हात लावलास. मला वेडी समजतोस का?"

तिचा चेहरा पांढरा पडला होता. दुसऱ्या कुठल्याही घरात नवरा दुपारी छंदाला बसलेला दिसला तर बायको चहा टाकते, आणि या घरात त्याच्याकडे बघून त्याच्या मरणाची तारीख विचारते आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. आपण तिला गेली कित्येक वर्षं नेमकं काय शिकवलं हेही ध्यानात आलं. त्याला हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते हसू नव्हतं.

"दिवस नाही गं," तो म्हणाला. "हात."

त्याने उजवा हात पुढे केला. हाताला काही काम नव्हतं, त्यामुळे तो शहाण्यासारखा सरळ राहिला. यात काय आहे, ती म्हणाली. काम दिलं की हलतो, तो म्हणाला. मग त्याने चिमट्याने एक छर्रा उचलून तिला दाखवला, आणि तिने पाहिलं. मग लिफ्टपासून सगळं बाहेर आलं, चिमटा, दिवा, चष्मा, पित्त, वडिलांचे वस्तरे, पाणी सांडलं ते. ती ऐकत होती. मध्येच तिने फक्त एवढं विचारलं, जिवाला काही नाही ना, नक्की ना, आणि तो सौम्य म्हणाला तेव्हा तिने डोळे मिटून मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "मग एवढ्याशा गोष्टीसाठी तू..." आणि तिथे तिची नजर टेबलावरच्या काळ्या सांगाड्यावर गेली आणि तिने वाक्य पूर्ण केलं नाही. तिने ते पूर्ण केलं नाही यासाठी आपण जन्मभर तिचं देणं लागू असं त्याला वाटलं.

तिने चपला काढल्या. हात साबणाने धुऊन, पुसून आली आणि समोरची खुर्ची ओढून बसली. सांग, म्हणाली. त्याने सांगितलं. सांगतानाच त्याला भीती वाटत होती, की ही ग्रीस जास्त लावेल, ही चिमटा उलटा धरेल, हिचा पदर लागून ताट पडेल. आणि त्या सगळ्याखाली ही की ही गाडी मी एकट्याने जोडली असं आता कधीच म्हणता येणार नाही. तिने चिमटा बाजूला ठेवला आणि छर्रा नखाच्या टोकावर उचलला. तिचा हात थरथरत होता.

"तुझाही हलतोय," तो म्हणाला.

"मी दारापासून घाबरलेली आहे. माझा थांबेल."

"माझा नाही थांबायचा."

"मग तू चाक धर. मी टाकते."

त्याने चाक धरलं. चाक थरथरू लागलं, आणि वर तिचं बोट, आणि दोघांमध्ये तो छर्रा, आणि कोणामुळे काय हलतंय ते कळेना. त्याला वाटलं आता पडणार. पण ती टाकत नव्हती. ती नुसती बघत होती, मान वाकवून, भोक पुढे जातं आणि मागे येतं ते, आणि बघता बघता तिच्या ओठांची अगदी बारीक हालचाल होऊ लागली, चालू दोरीत उडी घ्यायच्या आधी मुली मनात ठेका धरतात तशी. त्याच्या हाताला एक ठेका होता. त्याला स्वतःला तो कधी ऐकू आला नव्हता. भोक पुढे गेलं, मागे आलं, पुढे गेलं, आणि मागे येताना तिने बोट खाली केलं.

छर्रा बसला. दोघांनीही श्वास घेतला नाही. तो तिथेच राहिला, ग्रीसमध्ये अर्धा बुडून, खिडकीचा एवढासा तुकडा अंगावर घेऊन.

"हलवू नकोस," ती म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते कळून तिने त्याच्याकडे पाहिलं. तो चाकाकडेच बघत होता. चाकाला अजून पुष्कळ भोकं होती.